लॉगलाइनमधून जात का गाळायची?

२०११ च्या जनगणनेनुसार पंजाबात जवळपास ३२ टक्के लोक अनुसूचित जातींचे. त्याच पंजाबच्या राजधानीत, चंदीगडमध्ये, पटकथालेखन शिकताना मला सल्ला मिळाला: लॉगलाइनमध्ये ‘दलित’ नको, ‘गरीब’ लिही. मला तो मान्य नाही.

लॉगलाइन म्हणजे एका वाक्यात नायक, त्याची इच्छा आणि आडवा येणारा अडथळा. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ (२०१३) घ्या. ‘गरीब मुलाचं श्रीमंत मुलीवर प्रेम’ ही गोष्ट कुणाचीही. ‘सवर्ण मुलीवर जीव जडलेल्या कैकाडी जब्याला तिच्यादेखत डुक्कर पकडावं लागतं’ ही फक्त जब्याची.

आपण अनेकजण घरातले पहिले पदवीधर. नोकरी लागली की गरिबी हटते; आडनाव विचारणं थांबत नाही. म्हणून अडथळा त्याच्या नावानेच लिहा.