वनहक्काची मोजणी: धारणीत जीपीएसचे सेल का जपायचे?

वनहक्क कायदा २००६ चा. धारणी तालुक्यातल्या कोरकू गावांत दाव्याची जमीन जीपीएसने मोजायची, तर यंत्र हातात घेऊन हद्दीवरून चालावं लागतं. मेळघाटात मोबाइलला रेंज नसली तरी चालतं, कारण जीपीएस थेट उपग्रहांचा सिग्नल घेतं. अडचण सेलची. अर्ध्यात यंत्र बंद पडलं, तर हद्दीची रेघ तुटते आणि क्षेत्रफळ चुकू शकतं.

मग बंद काय करायचं? आधी स्क्रीनचा उजेड कमी करा. इलेक्ट्रॉनिक होकायंत्रही बंद ठेवा. ते उभ्या जागी दिशा दाखवतं. क्षेत्रफळ उपग्रहांवरून मिळालेल्या बिंदूंवरूनच निघतं. ग्लोनास मात्र चालू राहू द्या. सेल थोडे जास्त खातं, पण दाट झाडीखाली जास्त उपग्रह सापडतात. सेल अल्कलाइन की रिचार्जेबल, हे सेटिंगमध्ये बरोबर निवडा, नाहीतर शिल्लक चार्ज चुकीचा दिसतो. पेन्सिल सेलची जादा जोडी सोबत हवीच.

आणि एक लक्षात ठेवा. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार तंत्रज्ञान इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांच्या जागी नाही. म्हणून हद्दीच्या खुणा आणि वडीलधाऱ्यांचे जबाबही लिहून घ्या. सेल संपले म्हणून दावा संपत नाही.