वॉरंटी नको, माप बघा!

जुनी ऑक्टाव्हिया बाळगणाऱ्या मंडळींनो, बॅटरीच्या दुकानात पहिला प्रश्न "वॉरंटी किती महिने?" हाच का असतो राव? या गाडीत बॅटरी खालच्या कडेला क्लॅम्पने धरतात, वरून पट्टी नसते. म्हणून डीआयएन मापाचीच हवी: लांबी २४२ की २७८ मिमी, उंची १७५ की १९०, टेप लावून बघा. "बसवून देतो साहेब" म्हणत भलतीच बॅटरी दोरीने बांधणारे आहेतच (दोरी! इंजिनाशेजारी!). डिझेल असेल तर थंडीत स्टार्टर फिरवायला सीसीए लागतो, नुसता एएच बघून काय उपयोग? आणि स्टार्ट-स्टॉप नसलेल्या गाडीला महागडी एजीएम गळ्यात मारत असतील तर सरळ नाही म्हणा. त्या पैशात साधी चांगली बॅटरी येते, फक्त उत्पादनाची तारीख ताजी बघून घ्या.