मुक्त पदवी, बंद दार

मान्यताप्राप्त मुक्त, दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या समकक्षच, असे यूजीसीने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्ट केले. कागदोपत्री प्रश्न मिटला. नोकरीच्या जाहिरातींत मात्र ‘फक्त रेग्युलर, फुल-टाइम’ ही अट अजून ठाण मांडून आहे. ऑनलाइन अर्जात ‘डिस्टन्स’वर टिचकी मारली की उमेदवार अनेकदा तिथेच गळतो, त्याचा बायोडेटा कुणी उघडतही नाही.

नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासूनचे. पाळी संपवून किंवा सुटीच्या दिवशी त्याचे अभ्यासकेंद्र गाठणाऱ्या कामगाराकडे चिकाटी असते आणि अनुभवही. एरवी एचआरवाले हेच गुण दिवा घेऊन शोधतात!

मालकांचा संशय अगदीच निराधार नाही. पत्रद्वारा शिक्षणातून मिळवलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयानेच 2017 मध्ये कठोर निकाल दिला. प्रयोगशाळेविना इंजिनिअर घडत नाही, हे मान्य. पण तोच निकष हिशेबनिसाला किंवा विक्री प्रतिनिधीला लावण्यात काय हशील? शंका असेल तर लेखी चाचणी घ्या. आणि यूजीसीचा शब्द केंद्राला खरोखर मानायचा असेल, तर काही सरकारी कंपन्यांच्याच जाहिरातींत डोकावणारी ही अट बिगरतांत्रिक पदांपुरती तरी आधी काढावी.