नुकसान इथं, मग दाद कुठं?

उरणच्या मोरा बंदरात ओहोटीला लाँच गाळात अडते, भाऊच्या धक्क्याची फेरी थांबते. प्रवासी वैतागतात. पण किनाऱ्याचा चिखल म्हणजे आम्हा कोळणींचं शेत. गुडघाभर चिखलात उतरून, बिळात हात घालून चिंबोरी काढायची, ती चावायच्या आत नांग्या दाबायच्या. त्यावर घरं चालली. म्हणूनच अमेरिकेतला एक खटला मला परका वाटत नाही.

मुंद्र्याच्या कोळसा वीज प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाला कच्छच्या मच्छीमारांनी नुकसानीसाठी अमेरिकेतल्या कोर्टात खेचलं. २७ फेब्रुवारी २०१९ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध १ मतांनी सांगितलं, अशा संस्थांना खटल्यापासून सरसकट संरक्षण नाही. दार उघडलं खरं. पण पुढं खालच्या कोर्टांनी मूळ प्रकार भारतात घडला म्हणून दावा फेटाळला.

इथं मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालाच्या चार वर्षं आधी, त्याच तारखेला, हरित लवादाच्या पुणे खंडपीठानं उरण-पनवेलच्या १६३० कोळी कुटुंबांना सुमारे ९५ कोटींची भरपाई ठरवली. तिथल्या मोठ्या बंदराच्या भरावानं खाडीचं पाणी अडलं, मासेमारी बुडाली, हे मान्य केलं. पायानं चालत मासे धरणाऱ्याचाही हक्क असतो, हे लवादाला कळलं. याचं मोल मोठं आहे.

माझं मागणं एवढंच: भरावाची परवानगी देतानाच भरपाईची रक्कम आधी जमा करून घ्या. अपिलं नंतर लढा.