खोबणीत बसले म्हणजे जुळले असे नव्हे

पत्रिका जुळली की संसार जुळलाच, असे मानणारी माणसे जशी असतात, तशी पिन खोबणीत बसली की विजेचे काम झालेच, असे मानणारीही असतात. मी या दुसऱ्या जातीचा. वास्तविक मी तसा असायला नको होतो. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत चौतीस वर्षे विजेच्या पॅनेलांची वायरिंग केली. शिकाऊ पोरांना 'आधी मीटर, मग हात' हा मंत्र दिला, आणि निरोपसमारंभात त्याच मंत्राच्या नावाने शाल-श्रीफळही घेतले. तरीही गेल्या दिवाळीत जे व्हायचे ते झालेच.

वसुबारसेला मुलगी माहेरी आली. तिच्याबरोबर दहा वर्षांची नात आणि नातीबरोबर तिची रेडिओवर चालणारी मोटार. हातातल्या डबीचा खटका दाबला की मोटार अंगणात पळते. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात अशीच तारेवाचून चालणारी होडी दाखवली, तेव्हा पाहणाऱ्यांना ती जादू वाटली होती. आमच्या नातीला त्यात जादू वगैरे काही वाटत नाही. तिचा बेत व्यवहारी होता. अंगणात किल्ला बांधायचा आणि मोटारीवरून गडावर मावळ्यांना रसद पोचवायची.

पण मोटार हलेना. उघडून पाहतो तो आतली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली! ही बॅटरी लिथियमची. ३.७ व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडलेले, मिळून ७.४ व्होल्ट. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करायची नाही, टोचायची नाही आणि घंटागाडीतही टाकायची नाही. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यायची. इथपर्यंतचे शहाणपण मी दाखवले. ती बाजूला काढून ठेवली आणि धनत्रयोदशीला महात्मा गांधी रोडवरून तेवढ्याच व्होल्टची, तशाच पिनेची नवी बॅटरी आणली.

"आबा, आधी मीटर लावायचा ना? तुम्हीच मागे सांगितलं होतंत," नात म्हणाली.

"अगं, पिन बसली म्हणजे झालं! चौतीस वर्षं हेच केलंय मी."

टक् करून पिन बसली. पाठोपाठ धुराची एक बारीक रेघ निघाली आणि चकलीचा घाणा करपावा तसा वास सुटला. मोटार संपली. पोरीचा चेहरा पाहवेना. अशा वेळी माझ्या तोंडून काय निघावे? "हल्ली मालच असा येतो. दुकानदारानं फसवलं." तिने विश्वास ठेवला. तिच्या आईनेही ठेवला, आणि उद्या दुकानदाराला चांगले चार शब्द सुनवायचे असे ठरले.

रात्री सगळे निजल्यावर मी मीटर काढला. मीटरचीसुद्धा गरज नव्हती म्हणा, नुसते डोळे पुरले असते. बॅटरीच्या पिनेतली लाल तार मोटारीच्या काळ्या तारेसमोर आली होती, आणि काळी लालसमोर. या छोट्या पिनांचा आकार एकसारखा असतो, पण लाल कोणत्या बाजूला घालायची हे ज्याचा तो कारखाना ठरवतो. बॅटरी उलटी लागली की प्रवाह बोर्डावरच्या नाजूक भागांतून भलत्या वाटेने धावतो आणि क्षणात ते जळतात. दुकानदाराने दिलेला माल चोख होता. खोट होती ती माझ्या चौतीस वर्षांत.

त्या रात्री झोप कसली लागते! पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी, अंगाला उटणे लागलेले असतानाच, नातीला सगळे सांगून टाकले. "दुकानदार खरा, मी खोटा. तू सांगत होतीस ते बरोबर होतं." ती घटकाभर गप्प राहिली. मग म्हणाली, "आता दोघांनी मिळून करू. पण मीटर मी धरणार."

सकाळीच दुकानात जाऊन नवा बोर्ड आणला. दुकानदार हसून म्हणाला, "काका, असं करून येणारे तुम्ही काही पहिले नाहीत." आणि पाहतो तो नव्या बोर्डाची पिन निराळीच, मोठी आणि रुंद! म्हणजे आता जोडतार बनवणे आले. तारेच्या शेपट्या असलेल्या दोन्ही जातींच्या जोड-पिना तिथूनच घेतल्या.

आपल्या घरी ही वेळ आली तर उपयोगी पडावे म्हणून रीत सांगतो. बॅटरीची स्वतःची तार कापू नये. घरचा दिवा बंद करता येतो, बॅटरी बंद करता येत नाही. दोन्ही तारा एकदम कात्रीत धरल्या, तर कात्रीच्या पात्यातूनच त्या एकमेकींना भिडतात आणि ठिणगी उडते. म्हणून जोडतार वेगळी करावी. तार पातळ नको, कारण मोटार जोरात पळताना बराच प्रवाह ओढते आणि बारीक तार तापते. डाख देण्यापूर्वी आकसणारी नळी तारेवर चढवून ठेवावी. नंतर ती चढत नाही, आणि हे दर वेळी डाख दिल्यावरच आठवते! दोन सांधे समोरासमोर न ठेवता मागेपुढे ठेवावेत, म्हणजे नळी सरकली तरी ते भिडत नाहीत. रंगावर भिस्त ठेवू नये. मीटरची लाल सळई ज्या टोकाला लावली असता आकड्यामागे उणे चिन्ह येत नाही ते धन टोक, आणि ते बोर्डावरच्या अधिक चिन्हाच्याच वाटेला जायला हवे. शेवटची गोष्ट म्हणजे चार्जर लिथियमचाच हवा, आणि बॅटरी चार्ज होताना घरात कोणीतरी जागे हवे.

मी डाख दिला. जोडतारेच्या मोकळ्या टोकाला नातीने सळया टेकवल्या. मीटरवर ८.२ उमटले. पूर्ण भरलेल्या अशा बॅटरीला ८.४ पर्यंत जाता येते, म्हणजे आकडा ठीक होता.

"उणे नाही, आबा! पण थांबा, बोर्डावरचं चिन्ह परत एकदा बघू या."

परत एकदा पाहिले, आणि मगच पिन लावली. धूर नाही, वास नाही. पाडव्याच्या सकाळी मोटारीने चुरमुऱ्यांची पहिली खेप गडाच्या पायथ्याशी नेली आणि दुसऱ्या प्रयत्नात वर चढवली. मुलीने दुकानदारासाठी चिवड्याचा पुडा बांधून दिला. तो मीच नेऊन पोचवला, कारण ते काम माझेच होते.

भाऊबीज करून मंडळी परतली. जाण्याआधी नातीने माझ्या मीटरच्या डबीवर एक कागदाची पट्टी चिकटवून ठेवली: 'आधी मीटर, मग हात. आबांनीसुद्धा.' ती पट्टी मी काढलेली नाही.