पेडल काय सांगतं?

मंडळी, गेल्या अंकात आपण टायरांविषयी बोललो. या वेळी ब्रेक आणि क्लच. निमित्त झालं पुलाउ उबीनच्या सहलीचं.

चांगी पॉइंटला बारा माणसं जमली की बमबोट सुटते, आणि दहा-पंधरा मिनिटांत आपण जुन्या सिंगापुरात! मुलं सायकली घेऊन पुढे पळाली. आम्ही गुडघेदुखीवाल्यांनी चेक जावाला जायला व्हॅन ठरवली. ड्रायव्हर सत्तरीच्या घरातले चिनी अंकल. चावी फिरवण्याआधी त्यांनी ब्रेक चार-पाच वेळा दाबला, मग पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू केलं आणि अर्धा मिनिट गप्प बसले. सौ.ला वाटलं, अंकल प्रार्थना करतायत. मी मात्र निर्धास्त झालो. त्या एका मिनिटात त्यांनी ब्रेकची नाडी पाहिली होती.

ब्रेकच्या पेडलपासून चाकापर्यंत ताकद पोचवतं ते ब्रेक ऑइल. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकाशी पोचतो. यात काही बिघडलं की पेडल बोलायला लागतं.

इंजिन बंद असताना चार-पाचदा दाबल्यावर पेडल कडक होतं. ते दाबून धरून इंजिन सुरू केलं की किंचित खाली जायला हवं. नाही गेलं, तर बूस्टर किंवा त्याच्या व्हॅक्यूमच्या पाइपात दोष. पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर कुठेतरी गळती आहे. बाहेर कुठे ओल नाही, डब्यातली पातळीही तीच आहे, तर बहुधा मास्टर सिलिंडरमधले रबर गेलेत. पेडल स्पंजसारखं लागतं आणि पंपिंग केलं की वर येतं? लाइनमध्ये हवा शिरली असणार, ती काढून घ्या. मागे ड्रम असतील तर शू ढिले झालेत का तेही बघा. गाडी एका बाजूला ओढते आणि एकच चाक तापतं? कॅलिपर अडकलाय, किंवा रबरी पाइप आतून फुगलाय. अशा पाइपातून दाब पुढे जातो, पण परत यायचं नाव घेत नाही.

आता क्लच. इथे बहुतेकांच्या गाड्या ऑटोमॅटिक, त्यामुळे आपण त्याला विसरलोय. पण सुट्टीत घरी गेलं की गाठ पडतेच. रिव्हर्स टाकताना खरखर झाली किंवा पेडल खालीच राहिलं, तर लगेच क्लचप्लेट बदलायला सांगू नका. क्लच हायड्रॉलिक असेल तर आधी ऑइलची पातळी बघा. स्लेव्ह सिलिंडर बाहेर असेल तर त्याचं रबरी बूट उचलून आत ओल आहे का बघा. बऱ्याच गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांचा ऑइलचा डबा एकच असतो, आणि क्लचची नळी वरच्या अंगाला असते. गळती झाली की आधी क्लच जातो, ब्रेकपुरतं ऑइल खाली उरतं. म्हणजे क्लचची तक्रार ही ब्रेकची आगाऊ नोटीस असू शकते.

इतकं सगळं माहीत असूनही गेल्या डिसेंबरात मी फसलो. पुण्याला बाबांची गाडी अकरा महिने जवळजवळ उभीच होती. निघण्यापूर्वी या सगळ्या परीक्षा घेतल्या, गाडी अव्वल नंबराने पास! परतताना पाचगणीहून पसरणी घाट उतरत होतो. मागे मुलं अंताक्षरी खेळत होती. पाचव्या-सहाव्या वळणावर पेडल अर्ध्यावर गेलं, पुढच्या वळणावर जवळजवळ तळाला. पंपिंग केलं, गाडी खालच्या गियरमध्ये आणली, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि कशीबशी कडेला लावली. अर्ध्या तासाने पेडल पुन्हा कडक! जणू काही झालंच नव्हतं.

वाईच्या मिस्त्रींनी ऑइल काढलं, ते कोऱ्या चहासारखं काळपट. बाबा म्हणाले, "अरे, गाडी वर्षात जेमतेम दोनदा बाहेर काढली!" मिस्त्री हसले. "काका, गाडी उभी राहिली म्हणून ऑइल नवं राहत नाही."

खरं आहे. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, गाडी चालो वा न चालो. नवं डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा दंडक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की ही हमी १५५ अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबून चाकाशी तेवढी उष्णता सहज होते. ऑइल उकळतं, वाफ होते. वाफ दाबली जाते, म्हणून पेडल तळाला जातं. गार झालं की वाफ विरते आणि पुरावाही विरतो. हा दोष थंड गाडीच्या परीक्षेत दिसत नाही. त्याला औषध एकच, कॅलेंडर. पेडल कसंही लागो, साधारण दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलायचं. नुसतं वरून भरायचं नाही आणि उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरायची नाही.

चेक जावाहून परतल्यावर अंकलना विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदलता?" त्यांनी समुद्राकडे बोट दाखवलं. "दर वर्षी, ला! इथे सगळीकडे पाणीच पाणी."

तेव्हा मंडळी, डिसेंबरात घरी निघण्यापूर्वी फोन कराल तेव्हा लाडू-चिवड्याच्या यादीत एक ओळ वाढवा. गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं, ते विचारा. आठवत नाही असं उत्तर आलं, तर आधी गॅरेज, मग घाट.