घरी पोहोचविले, पुढे काय?

चुकार जनावरासाठी आमच्या खेड्यांत फार पूर्वीपासून कोंडवाड्याची व्यवस्था होती. जनावर कोणाचे, कोठे सापडले, कोणी आणून घातले याची नोंद होई, मालकास बोलावणे जाई आणि दंड भरल्यावाचून दावे सुटत नसे. घर सोडून गेलेल्या मुलाची अशी नोंद मात्र किती गावांच्या दप्तरी सापडेल? बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पणदऱ्यासारख्या नांदत्या गावात हा प्रश्न काढला, तर कोणी म्हणेल की, रस्त्यावरची मुले ही मुंबई-पुण्याची अडचण. आमच्या बागायतीत तिचे काय काम? हा समज मुळातच चुकीचा आहे, असे आम्हांस स्पष्ट सांगावयाचे आहे. मूल फलाटावर दिसते म्हणून ते फलाटावर जन्मास आलेले नसते. शहर हा त्याच्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम होय. पहिले पाऊल कोठल्या तरी गावच्या वेशीवरच पडलेले असते.

पणदऱ्याचेच उदाहरण घ्या. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने समृद्ध झालेला हा टापू. पश्चिमेस पुणे-मिरज मार्गावरील नीरा स्थानक, पूर्वेस बारामती आणि तेथून दौंडचे जंक्शन. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या पोरास मनात आले तर सायंकाळपर्यंत मोठ्या लोहमार्गावर पोहोचण्यास काही अडचण नाही. घरातील मारहाण, बापाचे व्यसन, सावत्रपणाचा जाच, परीक्षेचे भय, नाहीतर शहराची निव्वळ भूल, यांपैकी कोणतेही एक कारण त्यास पुरते. त्यात ही कारणे जातपात अथवा जमिनीचा सातबारा पाहून येत नाहीत. बागाइतदाराच्या वाड्यातूनही मूल निघून जाते आणि ऊसतोड्याच्या कोपीतूनही जाते.

तथापि कोपीतील मुलाची स्थिती अधिक नाजूक आहे, हे कबूल केलेच पाहिजे. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतून मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबे माळेगाव, सोमेश्वर येथील कारखान्यांच्या फडांवर उतरतात आणि वैशाखाच्या तोंडाशी परततात. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात गेले की, धाकटे भावंड सांभाळणे, पाणी भरणे, वाढे गोळा करणे हीच थोरल्या मुलांची शाळा. गावाकडील हजेरीपटावर त्यांचे नाव असते, पण मूल नसते. येथे मूल असते, पण हजेरीपट नसतो. ही सर्व मुले रस्त्यावर जातात असे आमचे मुळीच म्हणणे नाही. बहुतेक जात नाहीत. परंतु जे मूल सहा महिने कोणाच्याच यादीत नाही, ते एके दिवशी नाहीसे झाले तर त्याचा शोध कोणी आणि कोठून सुरू करावा?

आता कायद्याकडे वळू. मुंबई इलाख्यात मुलांचा पहिला स्वतंत्र कायदा 1924 साली झाला. त्या काळच्या व्यवस्थेत अनाथ, उनाड आणि अपराधी ही मुले पुष्कळदा एकाच मापाने मोजली जात, आणि सुधारणागृहाची भिंत हेच सर्वांवरचे औषध मानले जाई. शंभर वर्षांत कायद्याची दृष्टी पालटली. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाने निराधार मुलास अपराधी न मानता काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानले आहे. असे मूल हाती आल्यापासून, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. आणि मुलास त्याच्या कुटुंबात पुन्हा प्रस्थापित करणे हे बालगृहाचे प्रधान उद्दिष्ट असल्याचे कलम 40 स्पष्ट शब्दांत सांगते. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. 1996 साली मुंबईत आरंभ झालेली 1098 ही दूरध्वनी सेवा 2023 पासून सरकारने आपल्या हाती घेतली आहे. रेल्वे संरक्षण दलाने जाहीर केल्याप्रमाणे 2018 पासून मे 2024 पर्यंत त्याच्या जवानांनी 84,119 मुले स्थानकांवरून व गाड्यांतून सोडविली. हा आकडा जसा समाधानाचा, तसाच लाजेचाही आहे.

पण मूल सोडविणे आणि मूल सावरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तिकीट काढून दिले, बापाचा अंगठा घेतला, कागद दप्तरी लावला, की प्रकरण मिटले असे मानण्याची आमची जुनी सवय. वर्षभर फलाटावर काढलेल्या मुलाने उपास, मार आणि त्याहूनही वाईट गोष्टी सोसलेल्या असतात. चिंधीत ओतलेल्या द्रावणाची नशा त्यास लागलेली असते. आणि त्याच वेळी स्वतःच्या कमाईचा पैसा व कोणाची आज्ञा न ऐकण्याची मोकळीकही त्याने चाखलेली असते. अशा मुलास एकाएकी त्याच घरात आणि त्याच वर्गात नेऊन सोडणे म्हणजे ताप न उतरलेल्या रोग्यास औताला जुंपणे होय. तो पुन्हा पळाला की लोक म्हणतात, 'पोरगेच वाईट!' दोष मुलाचा नसून घाईचा असतो.

या कामाची खरी रीत कोणती, हे दाखविणारे लोक आपल्याकडे आहेत. 1992 साली रायचूर येथे प्रमोद कुलकर्णी यांनी सुरू केलेल्या 'साथी' संस्थेने आणि मुंबईच्या स्थानकांवर विजय जाधव यांच्या 'समतोल' संस्थेने एकच धडा घालून दिला आहे. मूल गाठावे ते फलाटावरील पहिल्याच दिवसांत, दलालाच्या अथवा व्यसनाच्या हाती पडण्यापूर्वी. मग काही आठवडे शिबिरात ठेवून, झोप, जेवण, खेळ व बोलणे यांच्या योगाने त्याचे मन स्थिर करावे. कल्याणजवळ मामणोली येथे 'समतोल'चे कार्य याच रीतीने चालते. दरम्यान आईबापांस शोधून त्यांचीही समजूत घालावी, आणि मूल स्वतः होऊन घरचा पत्ता सांगू लागले म्हणजे ते त्यांच्या स्वाधीन करावे. धाकाने काढलेला पत्ता आणि विश्वासाने सांगितलेला पत्ता यांत महदंतर आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, ज्या घरी दारिद्र्य आहे तेथे मूल परत धाडण्यापेक्षा ते संस्थेतच बरे. आमचे उत्तर असे की, दारिद्र्य हे आईबापांपासून मूल तोडण्याचे कारण होऊ शकत नाही. ते आईबापांस साह्य करण्याचे कारण होय. त्यासाठी योजनाही आहेत: राज्याच्या बाल संगोपन योजनेतून पात्र मुलामागे दरमहा 2,250 रुपये, केंद्राच्या मिशन वात्सल्यातील प्रायोजकत्वातून दरमहा 4,000 रुपये. अर्ज कोणी लिहून द्यावयाचा, एवढेच अडते! दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: घरातच जुलूम होत असेल तर? तेथे मूल परत धाडणे हा अन्याय होईल, हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. म्हणूनच घरची चौकशी करूनच निर्णय द्यावा, आणि मुलाचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे कायदा सांगतो. ती चौकशी पत्र्यावरच्या शिक्क्यापुरती उरली, तर कायद्याचा दोष नव्हे, आपला होय.

तेव्हा पणदरे आणि त्यासारख्या गावांकडे आमचे मागणे मोठे नाही. सरपंचांच्या अध्यक्षतेखालील गाव बाल संरक्षण समिती कागदावरून उठून चावडीत बसावी. तिने एक वही ठेवावी: गेलेले मूल, परत आलेले मूल, फडावर आलेले मूल. परत आलेल्या मुलाची विचारपूस पहिल्या महिन्यात दर आठवड्यास आणि पुढे वर्षभर दरमहा व्हावी. लागोपाठ चार दिवस मूल शाळेत आले नाही, तर गुरुजींनी पाचव्या दिवशी घर गाठावे. शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्यास विशेष प्रशिक्षण देवविले आहे, व दाखल्यावाचून अथवा उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे. तेव्हा 'आधी दाखला आण' हे उत्तर शाळेच्या दारात ऐकू येता कामा नये. कारखान्यांनीही उसाच्या टनांबरोबर फडावरील मुलांची गणती करून ती शाळांस कळवावी. उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन दोनदा होते. मुलांची मोजणी एकदा तरी होऊ द्या.

शाळेत परतलेल्या मुलास 'पळपुट्या' म्हणून हिणविणारा सवंगडी आणि ते ऐकून हसणारा वडीलधारा, हे दोघे मिळून त्याला नीरेच्या स्थानकाची वाट पुन्हा दाखवीत असतात. फलाटावरून मूल आणण्यास सरकार, पोलीस आणि संस्था पुरतील. ते घरी टिकविण्यास गावच लागतो. ते काम गावाने अंगावर घ्यावे, आणि यंदाचा गळीत हंगाम उभा राहण्यापूर्वीच ती वही उघडावी.